आजीचं नाव आधी: एका गुणगौरव सोहळ्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या गावी आमचं वरिष्ठ महाविद्यालय आहे. मी तिथे मराठी शिकवतो. ज्या वर्षाची ही हकीकत आहे, त्या वर्षी विद्यार्थी विकास अधिकाऱ्याचं कामही माझ्याकडे होतं. युवारंग या विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी संघ बसवणं, आविष्कार या संशोधन स्पर्धेसाठी प्रकल्प पाठवणं, कमवा आणि शिका योजनेची हजेरी ठेवणं आणि वर्षाच्या शेवटी गुणगौरव सोहळा घेणं, हे सगळं त्यात येतं. विद्यार्थ्यांची ओळख पटू नये म्हणून गाव, वर्ष आणि काही तपशील गाळले आहेत.

महाविद्यालय जळगावच्या विद्यापीठाशी संलग्न आहे. हे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालं. जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. त्याआधी खान्देशातली महाविद्यालयं पुणे विद्यापीठाकडे होती. अमळनेरचं प्रताप आणि जळगावचं मूळजी जेठा ही १९४५ सालची महाविद्यालयं तर त्याही आधी मुंबईकडे होती. त्या काळात शहाद्याच्या किंवा यावलच्या मुलाने नाव काढलं, तर ते नाव दूरच्या शहरात वाचलं जायचं आणि वाचणाऱ्याला ते गाव नकाशात शोधावं लागायचं. आपल्या मुलांचं कौतुक आपल्या माणसांत व्हावं, हे विद्यापीठ जवळ आल्यामुळे शक्य झालं आणि मला त्याचं मोल फार वाटतं.

२०१८ साली या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई शाळेत कधी गेल्या नाहीत. घरोट्यावर म्हणजे जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या जे म्हणत गेल्या, ते घरच्यांनी ऐकलं आणि कागदावर उतरवून घेतलं, म्हणून ते उरलं. हा संदर्भ पुढे येणार आहे, म्हणून इथेच सांगून ठेवतो.

त्या वर्षी आमच्या पाच विद्यार्थ्यांनी काहीतरी उल्लेखनीय केलं होतं. बी.एस्सी.चा एक मुलगा विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत आला. लांब पल्ल्याचा एक धावपटू विद्यापीठाच्या संघातून अश्वमेध या राज्यपातळीवरच्या क्रीडा महोत्सवाला गेला. राष्ट्रीय सेवा योजनेचे दोघे स्वयंसेवक विद्यापीठस्तरीय पारितोषिकाचे मानकरी ठरले. पाचवी होती एम.ए. मराठीची मुलगी, पावरा या आदिवासी समाजातली, धडगावकडच्या एका पाड्यावरची. आविष्कार संशोधन स्पर्धेत ती जिल्ह्यातून विद्यापीठ पातळीवर आणि तिथून विद्यापीठाच्या संघात निवडली गेली होती. राज्यपातळीवर तिला क्रमांक मिळाला नाही. तरी आमच्या महाविद्यालयातून तिथवर पोचलेली ती पहिलीच.

तिचा विषय होता बियाणं साठवण्याशी निगडित पावरी बोलीतले शब्द. कणसाला घरात कुठे टांगतात त्या जागेचा शब्द, राखेत घोळवलेल्या दाण्याचा शब्द, कणगीच्या तळाशी उरलेल्या बियाण्याचा शब्द. असे शब्द तिने आजीकडून आणि पाड्यावरच्या बायकांकडून गोळा केले, वहीत मांडले आणि पिकांच्या हंगामाशी जोडून दाखवले. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. इथली साक्षरता तेव्हा सुमारे ६४ टक्के होती आणि राज्याची ८२. अशा ठिकाणी एक मुलगी घरातली भाषा घेऊन विद्यापीठाच्या परीक्षकांपुढे उभी राहते, याचा मला झालेला आनंद शब्दांत मांडणं अवघड आहे. त्या आनंदाच्या भरातच मी चूक केली.

अडचण कशी उभी राहिली

सोहळ्याची तारीख फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली ठरली. ती ठरली पाहुण्यांच्या सवडीवर. त्या वर्षी नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, मूल्यांकनाची तयारी चालू होती. पाचव्या निकषात विद्यार्थ्यांच्या प्रगतीचे पुरावे लागत, म्हणून फोटो, प्रमाणपत्रं आणि कात्रणं लवकर हवी होती. पाच विद्यार्थ्यांपैकी कोणालाही ही तारीख चालेल का, असं विचारलेलं माझ्या टिपणवहीत कुठेही नाही.

मुलीचे आईवडील तेव्हा गुजरातेत ऊसतोडीला होते. डोंगरातली अनेक कुटुंबं दिवाळी झाली की मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाबरोबर निघतात आणि होळीला परततात. होळी हा सातपुड्यातला सगळ्यात मोठा सण. त्या आधीच्या आठवड्यात ठिकठिकाणी भोंगऱ्या बाजार भरतात आणि माणूस कुठेही असला तरी तोवर घरी पोचायचं बघतो. फेब्रुवारीत पाड्यावर म्हातारी माणसं आणि लहान पोरंच असतात. हे मला माहीत होतं. वीस वर्षं याच भागात राहतो. तरीही तारखेच्या बैठकीत मी बोललो नाही.

चौकात फ्लेक्स लागला. त्यावर अकरा चेहरे होते. त्यातले सहा पदाधिकाऱ्यांचे आणि पाहुण्यांचे, आणि खाली पाच विद्यार्थी, पोस्टाच्या तिकिटाएवढे. मुलीचा फोटो कार्यालयाने तिच्या प्रवेश अर्जावरून घेतला होता. काही वर्षांपूर्वीचा, बारावीनंतरचा. वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलेलं.

पण फ्लेक्स उतरवता येतो. खरा घाव बातमीने केला आणि ती बातमी मी लिहिली होती.

बातमीबद्दल थोडं सविस्तर

स्थानिक वर्तमानपत्रांच्या वार्ताहरांना मजकूर आयता लागतो. तो लिहून देण्याचं काम माझ्याकडे असतं. पाचही विद्यार्थ्यांची एकत्र बातमी पाठवली तर ती आतल्या पानावर चार ओळींत जाते. एकाची गोष्ट ठळक केली तर मथळा मिळतो. म्हणून मी मुलीची गोष्ट पुढे घेतली. मथळा माझाच होता: ऊसतोड मजुराच्या लेकीची राज्यस्तरावर झेप.

त्याखाली मी लिहिलं की वडिलांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम, घेऊन तिला शिकवलं, की उसाच्या फडात जन्मलेली ही मुलगी आज विद्यापीठात पोचली, की घरात कोणी शाळेची पायरी चढलेलं नाही. तिच्या कामाबद्दल दोन ओळी होत्या. पावरी बोलीतल्या शब्दांवर संशोधन, एवढंच.

उचलीची गोष्ट तिने मला सांगितली होती. परीक्षा शुल्काच्या मुदतीबद्दल बोलायला विभागात आली होती तेव्हा. दार लोटून, हळू आवाजात. ती मी बातमीत घातली. लिहिताना माझ्या मनात तिच्या वडिलांबद्दल आदरच होता, हे खरं आहे. आदर होता म्हणून माझ्या हे लक्षात आलं नाही की ती गोष्ट माझी नव्हती.

बातमी छापून आली त्या दिवशी दुपारी तिचा मोबाइलवर संदेश आला. ‘सर, मी कार्यक्रमाला येणार नाही. तुम्ही रागवू नका.’ मला वाटलं, प्रवासाची अडचण असेल. मी लिहिलं, एसटीचं भाडं महाविद्यालय देईल. त्याला उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गातली एक मुलगी, साक्रीकडची, भेटायला आली. ही मुलं माझ्याशी वर्गात प्रमाण मराठी बोलतात आणि वर्गाबाहेर मनातलं बोलायचं असेल तेव्हा अहिराणीवर येतात. तिने बातमीचं कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, ‘सर, हाई लिखाना पहिले तिले इचारं का तुम्ही?’

मी विचारलं नव्हतं.

मग हळूहळू सगळं कळलं. बातमीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरत गुजरातेतल्या पडावावर पोचला होता. तिथे मुकादमाच्या माणसाने तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला. अमक्याने उचल किती घेतली, ती फिटली का, यावर संध्याकाळभर बोलणं चाललं. वडिलांना आपल्या मुलीचं यश असं कळलं. शिवाय मजकूर चुकीचाही होता. ती फडात जन्मलेली नव्हती. वडिलांची डोंगरात स्वतःची जमीन आहे, तिच्यात मका, ज्वारी, भगर होते, आणि वर्षातले चार महिने ते ऊस तोडतात. उरलेले आठ महिने ते शेतकरी असतात. मथळ्याने त्यांचे आठ महिने पुसून टाकले होते.

समोर कोणते पर्याय होते

प्राचार्य, क्रीडा शिक्षक, मराठी विभागातल्या माझ्या सहकारी मॅडम आणि मी असे चौघे बसलो. सोहळ्याला पाच दिवस उरले होते.

पहिला पर्याय कार्यक्रम आहे तसा घ्यायचा आणि तिचं नाव तिच्या गैरहजेरीत पुकारायचं. असं दरवर्षी एकदोघांच्या बाबतीत होतंच. त्याने कोणाला काही विचित्रही वाटलं नसतं. पण मग तिच्या नावामागे निवेदकाने काय बोलायचं? ज्या गोष्टीसाठी ती येत नव्हती तीच गोष्ट पुन्हा?

दुसरा पर्याय तिची समजूत घालून तिला आणायचं. वसतिगृहाच्या अधीक्षक बाई तिला ओळखत होत्या, त्यांनी सांगितलं असतं तर ती आली असती. सहकारी मॅडम तिथेच म्हणाल्या, ‘ती येईल, कारण तिला नाही म्हणता येणार नाही. त्याला येणं म्हणायचं का?’ हा पर्याय तेवढ्यावर संपला.

तिसरा पर्याय मी मांडला. सगळाच सोहळा होळीनंतर घ्यावा. घरचे परततील, मीही चूक दुरुस्त करीन. प्राचार्यांनी माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘बाकी चौघांनी काय केलंय?’ धावपटूचे वडील येणार होते. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, शेतीची वीज रात्रीची, म्हणजे रात्रभर जागून सकाळच्या गाडीने ते येणार होते आणि त्यासाठी त्यांनी भावाला शेतावर ठेवायचं ठरवलं होतं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी घरी सांगून ठेवलं होतं. शिवाय मार्च-एप्रिल परीक्षांचा. माझ्या चुकीचा भार चौघांवर टाकायला मी निघालो होतो. प्राचार्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि हे मला त्या खोलीतच पटलं.

उरला चौथा. ठरलेल्या दिवशी चौघांचा सत्कार करायचा, मुलीचं नाव त्या दिवशी घ्यायचंच नाही, आणि तिला काय हवं आहे ते तिलाच विचारायचं. काही नको म्हणाली तर काहीच करायचं नाही. यात धोका होता. पाहुणे विचारणार, बातमीतली मुलगी कुठे आहे. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने फोनवर सांगितलंही की मुख्य आकर्षणच नसेल तर कार्यक्रमाला अर्थ काय. आकर्षण हा शब्द ऐकून प्राचार्यांनी ठाम भूमिका घेतली. त्यांनी पाहुण्यांना स्वतः फोन केला. चौथा पर्याय नक्की झाला.

काय केलं

त्याच संध्याकाळी फ्लेक्स उतरवला आणि तिचा फोटो काढून नवीन लावला. इथे एक गोष्ट नोंदवायलाच हवी. मी तर फ्लेक्सच नको, असं म्हणत होतो. क्रीडा शिक्षकांनी अडवलं. म्हणाले, ‘पोराला विचारा.’ धावपटूला विचारलं तर त्याला फ्लेक्स हवाच होता आणि मोठा फोटो हवा होता. पाटाच्या कडेच्या रस्त्यावर तो पहाटे पळतो, गावाने त्याला रिकामटेकडा ठरवलं होतं, आणि चौकात आपला फोटो गावाला दिसावा असं त्याला मनापासून वाटत होतं. सोहळ्याच्या दिवशी त्याचे वडील त्या फ्लेक्सपुढे उभे राहिले, टोपी नीट केली आणि मुलाला फोटो काढायला लावला. जी गोष्ट एकीला जखम करून गेली, तीच दुसऱ्याच्या घरी अभिमानाने भिंतीवर गेली. फ्लेक्स वाईट असा धडा मी काढला असता, तर मी पुन्हा न विचारताच ठरवलं असतं.

बातमीचं काय करायचं, हे अवघड होतं. वार्ताहर म्हणाला, छापलेलं मागे घेता येत नाही, हवं तर दुरुस्तीची दुसरी बातमी लावू. मी ते मुलीला कळवलं. तिने नको म्हटलं. तिचं म्हणणं असं, की दुसऱ्या बातमीने पहिली पुन्हा वाचली जाईल. मी दुसरी बातमी दिली नाही. महाविद्यालयाच्या गटांवर मीच टाकलेला फोटो मी काढून टाकला, पण तोवर तो कुठे कुठे गेला होता हे कोणाच्याच हातात नव्हतं.

वडिलांना फोन केला. त्याआधी मुलीला विचारलं, करू का. ती म्हणाली, करा, पण रात्री आठनंतर, तेव्हा ते फडावरून आलेले असतात. मी माफी मागितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मराठीत, सावकाश, त्यांनी एवढंच विचारलं: ‘सर, माझं नाव लिहिलं ते कोणाला विचारून?’ मी सांगितलं, कोणालाच नाही. ते म्हणाले, ‘पोरीने काय काम केलं ते मला कोणी सांगितलंच नाही. पेपरात मीच होतो.’ मग मी त्यांना तिच्या कामाबद्दल सांगितलं. राखेच्या शब्दापर्यंत आलो तेव्हा ते म्हणाले, हा शब्द तिच्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचा, आम्ही आता वेगळा वापरतो. त्या फोनवर दहा मिनिटं आम्ही शब्दांबद्दल बोललो. हे मी आधी, आविष्कारला प्रकल्प पाठवला तेव्हाच करू शकलो असतो.

सोहळा झाल्यावर आठवड्याने मुलगी विभागात आली. मी तिला विचारलं, तुला काही हवं आहे का, आणि काही नको असेल तर तेही सांग. तिने दोन दिवस घेतले. मग वहीच्या पानावर तीन ओळी लिहून आणल्या. आजीला बोलवायचं आणि तिचं नाव माझ्या आधी घ्यायचं. फोटो मी देईन तोच. घराबद्दल कोणी बोलायचं नाही, कामाबद्दल विचारायचं.

पहिल्या ओळीवर मी थांबलो. तिच्या प्रकल्पाच्या परिशिष्टात माहिती देणाऱ्यांचा तक्ता होता. आजीच्या नावापुढे वय आणि शिक्षणाच्या रकान्यात ‘निरक्षर’ असं लिहिलेलं. तो नमुना मीच दिला होता. प्रत्येक शोधप्रकल्पात तो असतो. ज्या विद्यापीठाचं नावच एका शाळेत न गेलेल्या बाईच्या शब्दांवर उभं आहे, तिथल्या प्रकल्पात जिने सगळे शब्द दिले तिची ओळख एवढीच उरली होती. बहिणाबाईंचं नाव घेऊन मी दरवर्षी भाषण करतो. त्यामुळे हा रकाना मला फार लागला. आम्ही तो बदलला. आता तिथे आजीचं नाव आहे, आणि पुढे: बियाणं निवडण्याचं आणि राखण्याचं काम, लग्न झाल्यापासून.

पुढे काय झालं

होळीनंतर दोन आठवड्यांनी, एका शनिवारी, मराठी विभागाच्या खोलीत कार्यक्रम झाला. चाळीस खुर्च्या. पाहुणे नाहीत, फ्लेक्स नाही. आईवडील परतले होते, तेही आले. आजीला आणायला महाविद्यालयाची गाडी घाटातून वर गेली आणि तिला यायला दीड तास उशीर झाला. सगळे थांबले.

प्राचार्यांनी आधी आजीचं नाव घेतलं, मग नातीचं. आजीला मराठी थोडं कळतं, बोलता येत नाही. ती पावरीत बोलली आणि नातीने मराठीत सांगितलं. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी विचारलं, बियाणं किती दिवस टिकतं. आजीने वर्षांत किंवा महिन्यांत उत्तर दिलं नाही. कोणतं बी कोणत्या सणापर्यंत राहतं, असं ती सांगत गेली. नात मध्येच थांबली, कारण तिच्या यादीत नसलेला एक शब्द आजीने वापरला होता. तिने तिथेच वही उघडली, आजीला पुन्हा म्हणायला लावलं आणि लिहून घेतला. सगळी खोली शांत होती. इतक्या वर्षांत संशोधन म्हणजे काय हे मी मुलांना पुष्कळदा समजावलं आहे, पण ते डोळ्यांसमोर घडताना त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं.

मागच्या बाकावर बसलेल्या पावरा आणि भिल्ल मुलांपैकी तिघांनी नंतर येऊन विचारलं, आमच्या पाड्यावरचे शब्द वेगळे आहेत, आम्ही लिहू का. त्यातल्या एकीने पुढच्या वर्षी बियाण्याचे नाही, तर माशांच्या जाळ्यांचे शब्द घेऊन आविष्कारसाठी प्रकल्प केला.

वडील जाताना माझ्याशी हात मिळवून गेले. बातमीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. त्यांनी मला माफ केलं की नाही हे मी ठरवू शकत नाही.

आईशी मात्र कोणीच बोललं नाही. ती शेवटच्या रांगेत बसून होती. आजी, नात, वडील, सगळ्यांशी आम्ही बोललो, आणि बियाण्याची पुढची राखणदार जी, ती तशीच उठून गेली. हे मला त्या रात्री घरी आल्यावर जाणवलं. फोटो पाहताना एका कोपऱ्यात ती दिसली तेव्हा.

आज करायचं असतं तर

तारीख ही पहिली जागा होती जिथे हे थांबवता आलं असतं. त्या बैठकीत एकच वाक्य पुरलं असतं: डोंगरातली माणसं होळीपर्यंत नाहीत. आता आम्ही तारीख ठरवण्याआधी सत्कारार्थींना तीन तारखा देतो. कापूस वेचणीचा, ऊसतोडीचा, केळीच्या कापणीचा, परीक्षेचा, ज्याचा जो अडथळा असेल तो समोर येतो. सगळ्यांना जमेल अशी तारीख नेहमी मिळत नाही. मिळाली नाही तर कोणाची गैरसोय होते आहे, हे निदान आपल्याला कळलेलं असतं.

दुसरी जागा बातमीची. मजकूर विद्यार्थ्याला वाचून दाखवल्याशिवाय बाहेर जात नाही, हे आता माझ्यानंतर आलेल्या सहकाऱ्यानेही चालू ठेवलं आहे. वाचून दाखवणं म्हणजे मोबाइलवर पाठवून ‘ठीक आहे ना’ विचारणं नव्हे. समोर बसवून, हवा तेवढा वेळ देऊन. मुलं शिक्षकाला चटकन नाही म्हणत नाहीत, म्हणून आम्ही छापील अर्जावरच लिहिलं आहे: बातमी हवी / नको, फोटो हवा / नको, घरच्यांचा उल्लेख हवा / नको. प्रवेश अर्जातला फोटो प्रवेशासाठी दिलेला असतो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही ज्या कामासाठी माहिती घेतली त्या कामापुरती संमती हेच तत्त्व आहे. पण कायदा नसता तरी हे करायला हवं होतं.

मूल्यांकनाबद्दलचा आमचा समजही तपासून पाहायला हवा होता. पाचव्या निकषासाठी पारितोषिकं आणि त्यांची प्रमाणपत्रं लागत होती. वडिलांची उचल त्यात कुठेही विचारलेली नव्हती. ते कात्रण मी फाइलमधून काढलं आणि तिथे आविष्कारचं प्रमाणपत्र लावलं. काही बिघडलं नाही.

गरिबीचा उल्लेख करायचाच नाही का, असं एका सहकाऱ्याने मला विचारलं. पहिल्या पिढीतल्या मुलांची वाट किती खडतर आहे हे लोकांना कळायला नको का? कळायला हवं, असं मलाही वाटतं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका मुलाने स्वतःच्या भाषणात आईच्या धुण्याभांड्यांच्या कामाबद्दल इतकं सरळ सांगितलं की पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्याला लावून ऐकत होत्या. ते त्याचं होतं, त्याने ते हवं तेव्हा, हवं तसं सांगितलं. त्याच्या जागी मी सांगितलं असतं तर शब्द तेच असते आणि अर्थ वेगळा झाला असता.

पैशाचीही फेरमांडणी करायला हवी होती. धावपटूला आम्ही मोठं स्मृतिचिन्ह दिलं. त्याच्या बुटांचे तळ झिजलेले क्रीडा शिक्षकांना माहीत होते. शाल, श्रीफळ आणि चिन्ह यांच्या खर्चात बूट आले असते. पुढच्या वर्षापासून चिन्ह लहान केलं आणि उरलेल्या रकमेत ज्याला जे उपयोगी ते द्यायचं ठरवलं. कोणाला पुस्तकं, कोणाला स्पर्धेचं प्रवासभाडं. एका मुलीने मात्र मोठं चिन्हच मागितलं, कारण घरात आजवर एकही नव्हतं. तिला तेच दिलं.

मुलगी आता सेटची, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेची, तयारी करते आहे. तिच्या वहीत शब्द वाढत आहेत. मागच्या महिन्यात आली तेव्हा मी तिच्या आईबद्दल विचारलं. म्हणाली, ‘सर, आईकडे आजीपेक्षा वेगळे शब्द आहेत, उसाच्या फडावरून आणलेले, गुजराती मिसळलेले. तेही आता लिहिते आहे.’ या लेखाचा मसुदा तिला वाचून दाखवला. तिने दोन ठिकाणी काट मारली. ते भाग इथे नाहीत.

यंदाच्या यादीत सहा नावं आहेत. दोघांनी बातमी नको असं लिहून दिलं आहे. एकाला फ्लेक्सवर बैलजोडीसकट फोटो हवा आहे. छपाईवाल्याला तसं सांगितलं आहे.